जावास्क्रिप्टमध्ये ग्लोबल स्टेटला अनडू-रिडू कसं लावायचं

अनडू लावायचं म्हटलं की बहुतेक जण आधी लायब्ररी शोधतात. मी पण तेच केलं होतं, बॉक्स आणि बाण काढायचा एक डायग्राम एडिटर लिहीत होतो तेव्हा. लायब्ररी बसली, कंट्रोल झेड दाबलं की मागे जायला लागलं, आणि दोन दिवसांनी वापरणाऱ्या एकाचा मेसेज आला की पाच पायऱ्या मागे गेलो, एका बॉक्सवर क्लिक करून त्याचा रंग बघितला आणि आता पुढे जाताच येत नाहीये, रिडूचं बटण फिकं झालंय. त्याचं अर्ध्या तासाचं काम गेलं होतं आणि ते मला खरंच लागलं. शोधल्यावर कळलं की लायब्ररीची काहीच चूक नव्हती. कुठला बॉक्स सिलेक्ट आहे हेसुद्धा मी त्याच स्टेटमध्ये, म्हणजे अ‍ॅपने लक्षात ठेवलेल्या माहितीत, ठेवलं होतं, म्हणून नुसता क्लिकसुद्धा नवीन बदल धरला गेला, आणि नवीन बदल आला की रिडूची यादी रिकामी होते, ते नियमानेच होतं.

तेव्हापासून कोड लिहायच्या आधी मी दोन गोष्टी ठरवून घेतो. हिस्टरीत काय जातं, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने एक पायरी म्हणजे नेमकं काय. मूळ कोड पन्नास ओळींच्या आत होतो, खरा वेळ या दोन गोष्टींत जातो, म्हणून आधी त्याच घेऊ.

स्टेटची वाटणी

ग्लोबल स्टेट म्हणून आपण जे एका ढिगात टाकतो त्यात खरं तर तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी असतात. एक म्हणजे डॉक्युमेंट, बॉक्स, बाण, त्यातला मजकूर, रंग, डायग्रामचं नाव. दुसरं म्हणजे त्या वेळेपुरतं, सिलेक्शन, झूम, स्क्रोल, कुठलं पॅनल उघडं आहे, माउस कशावर आहे. तिसरं सर्व्हरकडून आलेलं, लॉगिन केलेल्याचं नाव, फायलींची यादी, लोडिंग चालू आहे का वगैरे. अनडू फक्त पहिल्याला लावायचं.

कुठली गोष्ट कुठे जाते यात घोळ झाला तर मी एकच विचारतो, ही फाइल सेव्ह करून दुसऱ्या मशीनवर उघडली तर ही गोष्ट तिथे दिसायला पाहिजे का? रंग दिसायला पाहिजे, तो डॉक्युमेंटमध्ये. झूम तिथे काहीही असला तरी चालेल, तो बाहेर. सर्व्हरचा डेटा तर हिस्टरीत कधीच नको, कारण मागे गेल्यावर दहा मिनिटांपूर्वीची जुनी यादी परत स्क्रीनवर येईल आणि लोडिंगचा फिरता गोल अनडूने परत चालू होईल, हे मी होताना पाहिलंय.

सिलेक्शनचं मात्र थोडं वेगळं आहे. त्याची स्वतःची पायरी बनायला नको, पण तीन बॉक्स डिलीट केले आणि अनडू केलं तर ते तीन परत सिलेक्ट होऊन आले की माणसाला लगेच कळतं काय परत आलं. म्हणून प्रत्येक पायरीसोबत त्या वेळचं सिलेक्शन चिकटवून ठेवायचं, मागे जाताना तेही परत लावायचं, आणि नुसतं सिलेक्शन बदललं तर हिस्टरीला हात लावायचा नाही. चांगले टेक्स्ट एडिटर कर्सरच्या बाबतीत हेच करतात.

तीन कप्पे

आता मूळ यंत्रणा. हिस्टरीचं स्टेट म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्यात तीन कप्पे: मागचं, आत्ताचं, पुढचं. मागचं आणि पुढचं हे अ‍ॅरे, आत्ताचं म्हणजे चालू डॉक्युमेंट. समजा अ पासून सुरुवात करून दोन बदल केले आणि क पर्यंत आलो:

मागचं: अ, ब | आत्ताचं: क | पुढचं: रिकामं

अनडू केलं की मागच्यातला शेवटचा काढून आत्ताचं करायचं आणि जे आत्ताचं होतं ते पुढच्याच्या सुरुवातीला ठेवायचं:

मागचं: अ | आत्ताचं: ब | पुढचं: क

रिडू म्हणजे याच्या बरोबर उलट. आणि इथून नवीन बदल ड केला तर:

मागचं: अ, ब | आत्ताचं: ड | पुढचं: रिकामं

क गेला. काही एडिटर तोही जपतात, व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये 2006 च्या सातव्या व्हर्जनपासून अनडूच्या फांद्या आहेत आणि कुठल्याही फांदीवर परत जाता येतं, पण साध्या अ‍ॅपमध्ये लोकांना सरळ रेषेतलं अनडूच अपेक्षित असतं आणि फांद्या दाखवायचा इंटरफेस बनवणं हे वेगळंच मोठं काम आहे, त्यात पडू नका.

कोडमध्ये हे कसं बसवायचं? तुमच्याकडे आधीच एक रिड्यूसर असेल, म्हणजे डॉक्युमेंट आणि अ‍ॅक्शन (काय बदलायचं ते सांगणारा ऑब्जेक्ट) घेऊन नवीन डॉक्युमेंट देणारं फंक्शन. त्याला हात न लावता त्याच्याभोवती दुसरं फंक्शन गुंडाळायचं. अ‍ॅक्शन अनडू किंवा रिडू असेल तर कप्पे हलवायचे, मागचं रिकामं असताना अनडू आलं तर आहे तेच परत द्यायचं. बाकी कुठलीही अ‍ॅक्शन आली तर आतल्या रिड्यूसरला द्यायची, आणि त्याने जे परत दिलं ते जुन्याच रेफरन्सचं असेल, म्हणजे मेमरीतला तोच ऑब्जेक्ट असेल आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केल्यावर खरं आलं, तर काहीच बदललं नाही असं धरून हिस्टरी तशीच ठेवायची. ही एक ओळ बरेच जण विसरतात आणि मग वापरणारा अनडू दाबतो, स्क्रीनवर काही हलत नाही, परत दाबतो, मग हलतं. लाल बॉक्सला परत लालच रंग दिला तर पायरी बनायला नको, त्यासाठी रिड्यूसरनेही तसंच वागायला पाहिजे, किंमत तीच असेल तर जुना ऑब्जेक्टच परत द्यायचा.

रेडक्स ही स्टेट सांभाळायची लायब्ररी 2015 साली आली तेव्हापासून ही मागचं-आत्ताचं-पुढचं पद्धत लोकांच्या हातात बसलीय, आणि रेडक्स-अनडू नावाची लायब्ररी नेमकं हेच गुंडाळण्याचं काम करते, सोबत मर्यादा, गाळणी आणि गट करायची सोय देते. झुस्टँड ही दुसरी स्टेटची लायब्ररी वापरत असाल तर झुंडो आहे, त्यात स्टेटचा कुठला भाग हिस्टरीत घ्यायचा ते सांगता येतं. वापरा, काहीच हरकत नाही, पण एकदा हाताने लिहून बघा म्हणजे त्यातला प्रत्येक पर्याय कशासाठी आहे ते कळेल. स्वतःचं स्टोअर लिहून रिअ‍ॅक्टला (स्क्रीन बनवायची लायब्ररी) जोडणार असाल तर रिअ‍ॅक्ट 18 पासून यूज-सिंक-एक्स्टर्नल-स्टोअर हा हुक आहे, त्याला दिलेलं स्नॅपशॉटचं, म्हणजे आत्ताचं स्टेट देणारं, फंक्शन स्टेट बदललेलं नसताना तोच रेफरन्स परत देतंय ना ते बघा, दर वेळी नवीन ऑब्जेक्ट बनवून दिलात तर रेंडर, म्हणजे स्क्रीन परत काढणं, थांबतच नाही.

जागच्या जागी बदल करू नका

हे सगळं एकाच अटीवर चालतं, जुनं डॉक्युमेंट कधीही जागच्या जागी बदलायचं नाही. बॉक्सच्या अ‍ॅरेमध्ये सरळ पुश केलं तर मागच्या कप्प्यातलं डॉक्युमेंट आणि आत्ताचं, दोन्ही त्याच एका अ‍ॅरेकडे बोट दाखवतायत, त्यामुळे इतिहासच बदलला. अनडू दाबल्यावर कप्पे बरोबर हलतात पण दिसतं सगळं तसंच. तीन ठिपक्यांच्या स्प्रेडने कॉपी केली तरी ती वरवरची असते हे लक्षात ठेवा, आतला बॉक्स अजून तोच आहे, त्याचा एक्स बदलला की जुन्या पायऱ्यांमधलाही बदलला.

अशी चूक लवकर पकडायला डेव्हलपमेंटमध्ये ऑब्जेक्ट-फ्रीझ लावा. तोही वरवरचाच गोठवतो म्हणून आतपर्यंत जाणारं छोटं फंक्शन लिहावं लागतं, पण मॉड्यूल नेहमी स्ट्रिक्ट मोडमध्ये चालतात त्यामुळे गोठलेल्या ऑब्जेक्टला कोणी हात लावला की तिथेच टाइप-एरर येते आणि कुठल्या ओळीने लावला ते समोर दिसतं. स्ट्रिक्ट नसलेल्या कोडमध्ये मात्र बदल गुपचूप दुर्लक्षित होतो. इमर नावाची लायब्ररी वापरली तर फ्रीझ ती स्वतःच करते आणि लिहिताना आपण बिनधास्त पुश करतोय असं लिहिता येतं, बनतं मात्र नवीन ऑब्जेक्ट. खोल नेस्टिंग असलेल्या डॉक्युमेंटला माझी पहिली पसंती इमरलाच.

काही जण यावर सोपा उपाय म्हणून दर बदलाला पूर्ण डॉक्युमेंटची खोल कॉपी घेतात. जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, टाकून परत बाहेर काढायची जुनी युक्ती आहे, पण तिच्यात तारखा स्ट्रिंग होतात, अनडिफाइन्ड असलेल्या प्रॉपर्टी गायब होतात, मॅप आणि सेट रिकामे ऑब्जेक्ट बनतात. स्ट्रक्चर्ड-क्लोन हे फंक्शन सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये 2022 पर्यंत आलं, ते तारखा आणि मॅप नीट सांभाळतं, पण आत एखादं फंक्शन सापडलं तर एरर फेकतं आणि क्लासचे ऑब्जेक्ट साधे ऑब्जेक्ट होऊन बाहेर येतात. आणि ही अडचण नसली तरी खोल कॉपी मला पटतच नाही, कारण वाटून घेण्याचा सगळा फायदा जातो. 2000 बॉक्स असलेल्या डायग्राममध्ये एक बॉक्स हलवला तर बदल न करणाऱ्या पद्धतीत नवीन काय बनतं? तो एक बॉक्स, त्याला धरून ठेवणारी यादी आणि वरचं डॉक्युमेंट, बस. बाकी 1999 बॉक्स दोन्ही पायऱ्या मिळून वापरतात. खोल कॉपीत 2000 च्या 2000 नवीन, म्हणजे मेमरी तर गेलीच, शिवाय सगळे रेफरन्स बदलले म्हणून प्रत्येक बॉक्स परत रेंडर होणार आणि काहीच बदललं नाही ही वरची तपासणीही कधीच खरी येणार नाही.

तरीही मर्यादा घालाच. प्रोझमिरर या टेक्स्ट एडिटर लायब्ररीची हिस्टरी डिफॉल्टने 100 पायऱ्यांची असते, मी पण 100 च ठेवतो. मागचा कप्पा त्याच्यापुढे गेला की सुरुवातीची पायरी टाकून द्यायची.

एक पायरी म्हणजे काय

माउसने बॉक्स ओढताना पॉइंटर-मूव्ह हा ब्राउझरचा इव्हेंट सेकंदाला कित्येक वेळा येतो. प्रत्येकाची पायरी केली तर एक बॉक्स परत जागेवर आणायला माणसाने शंभर वेळा कंट्रोल झेड दाबायचं का? ओढायला सुरुवात केली तिथपासून सोडेपर्यंत एक पायरी, हेच त्याच्या डोक्यात असतं.

यासाठी टायमर लावू नका, माणूस ओढता ओढता मध्येच थांबून विचार करतो आणि टायमर तिथे पायरी तोडतो. पॉइंटर-डाउनला त्या वेळचं आत्ताचं डॉक्युमेंट बाजूला धरून ठेवा, त्याला मी पाया म्हणतो. हलवताना फक्त आत्ताचं बदलत राहा, मागच्यात काही ढकलू नका. पॉइंटर-अपला आत्ताचं पायापेक्षा बदललेलं असेल तरच पाया मागच्यात ढकला आणि पुढचं रिकामं करा, मग पाया मोकळा करा. एस्केप दाबलं किंवा पॉइंटर-कॅन्सल आला तर पायाच परत आत्ताचं करायचा, मग हिस्टरीत काही झालंच नाही. पॉइंटर-कॅन्सल विसरू नका, टचवर ब्राउझरने स्क्रोल ताब्यात घेतला की तोच येतो आणि पॉइंटर-अप येतच नाही, मग पाया तसाच लटकत राहतो. आणि ओढता ओढता कोणी अनडू दाबलं तर? मी ते ओढणं रद्द करतो आणि तेवढंच, दोन्ही एकदम केलं की लोक गोंधळतात. स्लायडर आणि कलर पिकरलाही हीच पद्धत.

टाइप करण्याला मात्र सुरुवात आणि शेवट नसतो म्हणून तिथे वेळच बघावी लागते. प्रोझमिरर, कोडमिरर 6 (कोड एडिटर) आणि वायजेएस (अनेकांनी एकत्र एडिट करायची लायब्ररी) या तिघांतही डिफॉल्ट 500 मिलिसेकंद आहे, म्हणजे दोन बदलांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा कमी अंतर असेल तर एकाच पायरीत. तुम्हीही तिथूनच सुरू करा. पण नुसती वेळ बघून चालत नाही, अ‍ॅक्शनचा प्रकार तोच पाहिजे आणि ज्या बॉक्सवर चाललंय तो पण तोच पाहिजे, नाहीतर एका बॉक्सचं नाव लिहून टॅब मारून पटकन दुसऱ्याचं लिहिलं की दोन्ही एका अनडूत उडतात. गटात मिसळायचं म्हणजे आत्ताचं बदलायचं, मागच्यात ढकलायचं नाही, पुढचं मात्र रिकामं करायचं. आणि अनडू किंवा रिडू झाल्या झाल्या चालू गट बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण अनडू करून लगेच अर्ध्या सेकंदात टाइप केलं तर ते नवीन अक्षर जुन्या गटात मिसळेल आणि मग मधली एक अवस्था कायमची हरवेल.

एका बटणाने दहा अ‍ॅक्शन होत असतील, समजा सगळे बॉक्स डावीकडे ओळीत लावा, तर दहा वेळा अ‍ॅक्शन पाठवण्यापेक्षा दहाही बदल करणारी एकच अ‍ॅक्शन करा. आपोआप एक पायरी आणि रेंडरही एकदाच.

कीबोर्ड

विंडोजवर कंट्रोल झेड मागे, पुढे जायला कंट्रोल वाय किंवा कंट्रोल शिफ्ट झेड, मॅकवर कमांड झेड आणि कमांड शिफ्ट झेड. दोन्ही रिडू ठेवा, सवयी वेगवेगळ्या असतात. शिफ्ट दाबलेला असताना इव्हेंटच्या की या प्रॉपर्टीत मोठं झेड येतं म्हणून आधी लहान अक्षरात बदलून तुलना करा. फिजिकल जागा सांगणारी इव्हेंटची कोड ही प्रॉपर्टी वापरावीशी वाटेल पण जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, मग तिथे अनडूचं रिडू होतं. उलट देवनागरीसारख्या लेआउटवर की मध्ये झेड येईलच याचा भरवसा नसतो. मी आधी की बघतो, आणि की मध्ये रोमन अक्षर आलंच नसेल तरच कोड बघतो.

फोकस एखाद्या इनपुटमध्ये असेल तर तिथे ब्राउझरचं स्वतःचं अनडू असतं. इनपुट, टेक्स्टएरिया आणि संपादन करता येणारा कुठलाही भाग असेल तर आपला हँडलर तिथूनच परत फिरू दे, ब्राउझरला त्याचं काम करू दे. मग इनपुटमधला मजकूर डॉक्युमेंटमध्ये कधी टाकायचा? फोकस सुटल्यावर किंवा एंटर दाबल्यावर, तोपर्यंत तो त्या कंपोनंटमध्येच लोकल ठेवायचा. असं केलं तर वर सांगितलेला 500 मिलिसेकंदांचा खेळही बऱ्याच ठिकाणी लागत नाही.

सेव्ह, आयडी आणि सर्व्हर

रेफरन्सची तुलना चालते याचा एक सुंदर फायदा आहे. सेव्ह झाल्यावर त्या वेळच्या डॉक्युमेंटचा रेफरन्स बाजूला ठेवा, आणि सेव्ह न केलेले बदल आहेत का हे विचारायला फक्त आत्ताचं आणि ते ठेवलेलं एकच आहे का ते बघा. माणसाने सेव्ह केलं, दोन बदल केले, दोन अनडू केले, की सेव्ह न केल्याची खूण आपोआप जाते. वेगळा फ्लॅग ठेवून हे करायला गेलात तर कुठेतरी चुकतंच.

ऑटोसेव्ह असेल तर अनडू हाही सर्व्हरच्या दृष्टीने नवीन बदलच आहे, तोही पाठवायचा. आयडी रिड्यूसरमध्ये बनवू नका, अ‍ॅक्शन पाठवायच्या आधी क्रिप्टोच्या रँडम-यूयूआयडीने बनवून अ‍ॅक्शनसोबत द्या. सर्व्हर नंतर आयडी देणार आणि आपण तोवर तात्पुरता वापरणार अशी रचना असेल तर हिस्टरीतल्या सगळ्या जुन्या पायऱ्यांत तो तात्पुरता आयडीच राहतो, आणि अनडू करून सेव्ह केलं की सर्व्हरला तो बॉक्स नवीनच वाटतो. चित्रं असतील तर त्यांचा डेटा बाहेर ठेवा आणि डॉक्युमेंटमध्ये फक्त आयडी, पण बॉक्स डिलीट झाला म्हणून चित्र लगेच पुसू नका, हिस्टरीतली कुठली ना कुठली पायरी त्याकडे अजून बोट दाखवत असते.

रिफ्रेशनंतरही हिस्टरी टिकावी असं कोणी मागितलं तर ब्राउझरच्या लोकल-स्टोरेजच्या वाटेला जाऊ नका. तिथे साधारण 5 एमबी जागा असते, आणि जेसन करताना वाटून घेतलेले ऑब्जेक्ट प्रत्येक पायरीत परत पूर्ण लिहिले जातात, म्हणजे मेमरीत छोटी असलेली 100 पायऱ्यांची हिस्टरी 100 पूर्ण डॉक्युमेंटांएवढी होते. इंडेक्सड-डीबी या ब्राउझरच्या डेटाबेसमध्ये तिन्ही कप्पे एकाच ऑब्जेक्टमध्ये एकदम लिहिले तर स्ट्रक्चर्ड क्लोन होतो आणि त्यात समान रेफरन्स समानच राहतात. पण पुढच्या व्हर्जनमध्ये डॉक्युमेंटचा आकार बदलला की जुन्या पायऱ्याही बदलून घ्याव्या लागतात, म्हणून कोणी मागितलं नसेल तर करू नका.

स्नॅपशॉट कधी पुरत नाहीत

एकाच डायग्रामवर दोघं काम करत असतील तर वरचं सगळं मोडतं. मी अनडू केलं की माझा जुना स्नॅपशॉट, म्हणजे साठवलेलं पूर्ण डॉक्युमेंट, लागतो आणि त्यात समोरच्याने मधल्या वेळात काढलेले बॉक्स नसतात, म्हणजे मी त्याचं काम पुसलं. इथे फक्त आपला स्वतःचा बदल उलटवता यायला पाहिजे, म्हणून पूर्ण डॉक्युमेंटऐवजी फरक साठवायचा. इमरमध्ये पॅचचं (म्हणजे अशा फरकांचं) प्लगइन चालू केलं की प्रोड्यूस-विथ-पॅचेस नवीन स्टेटसोबत पुढे जायचे पॅच आणि उलटे पॅच, दोन्ही देतं. बरेच बदल एका पायरीत जोडताना पुढचे पॅच झाले त्या क्रमाने जोडायचे आणि उलटे जोडताना शेवटच्या बदलाचे आधी ठेवायचे, हा क्रम चुकला की अ‍ॅरेतले इंडेक्स सरकतात आणि भलताच बॉक्स परत येतो. अ‍ॅरेऐवजी आयडीने शोधायचा ऑब्जेक्ट वापरला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

प्रत्येक कामासाठी करा आणि उलटवा अशी दोन फंक्शनं हाताने लिहायची कमांड पद्धतही आहे, पण तिच्यात उलटं फंक्शन अर्धवट राहण्याचा धोका फार. बॉक्स डिलीट केला की त्याला जोडलेले बाणही जातात, मग परत आणताना ते बाण, त्यांचा एकमेकांवरचा क्रम, सगळं परत यायला पाहिजे, आणि ते आठवणीने लिहावं लागतं. खरंच अनेकांनी एकाच वेळी एडिट करायचं असेल तर वायजेएसचा अनडू-मॅनेजर घ्या, कुठल्या उगमाचे बदल धरायचे हे त्याला सांगता येतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या बदलांना तो हात लावत नाही.

टेस्ट लिहायची तर एकच लिहा, ती पुरते. रँडम 200 अ‍ॅक्शन चालवा, मर्यादा तात्पुरती वाढवून, मग मागचं रिकामं होईपर्यंत अनडू करा आणि सुरुवातीचं डॉक्युमेंट त्याच रेफरन्सचं आलं का बघा, नंतर पुढचं रिकामं होईपर्यंत रिडू करा आणि शेवटचं तेच आलं का बघा. पॅच वापरत असाल तर रेफरन्सऐवजी आतल्या किमती जुळवा. सुरुवातीचं डॉक्युमेंट आधी आतपर्यंत फ्रीझ केलेलं असू द्या, आणि रँडम अ‍ॅक्शनमध्ये सिलेक्शन बदलणारी अ‍ॅक्शनही टाका, तीसुद्धा रिडूच्या मध्ये, म्हणजे मला आलेला तो मेसेज तुम्हाला येणार नाही.